१९७१ च्या लढाईतली जखम आज कागदावर आणता येते का?

ताईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं. त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, १९६८ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. १ मराठा, म्हणजे जंगी पलटणीतून १९७१ ची लढाई लढले. १९८५ मध्ये सतरा वर्षांची नोकरी करून नाईक हुद्द्यावर पेन्शनवर आले. डिसेंबर १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या बाजूला मोर्टारचा गोळा जवळ फुटला आणि त्याचा तुकडा उजव्या मांडीत घुसला. दीड-दोन महिने दवाखान्यात काढले, मग काठी टेकत सुट्टीवर गावी आले. डिस्चार्ज बुकात यातल्या एका शब्दाची नोंद नाही. गेल्या वर्षी अण्णा अंगणात घसरून पडले, एक्स-रे काढला, तर मांडीच्या हाडालगत शेंगदाण्याएवढा धातूचा तुकडा दिसला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अण्णा पहिल्यांदा सविस्तर बोलले. आता ताईंना विचारायचं आहे की इतक्या वर्षांनी या जखमेची दखल घेतली जाईल का, पदक मिळेल का, पेन्शन वाढेल का. आणि अण्णा स्वतःच "आता कशाला" म्हणतात, त्याचं काय करायचं.

मी फौजेत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची काही वर्षं एका रेकॉर्ड ऑफिसात गेली. घरी आल्यापासून वीस वर्षं सातारा-सांगली पट्ट्यातल्या माजी सैनिकांचे पेन्शनचे आणि पदकांचे कागद करतो आहे. त्यामुळे जे सांगतो आहे ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलेलं आहे.

ताई, पदकाची आशा चांगली आहे. पेन्शनची कमी आहे, पण सोडून देण्याइतकी कमी नाही. आणि या दोन्हींच्या आधी एक तिसरी गोष्ट मिळवायची आहे, जी बहुतेक लोक मागतच नाहीत. ती म्हणजे नोंद. माणूस शत्रूच्या माऱ्यात जखमी झाला हे फौजेच्या स्वतःच्या कागदावर असणं. फौजेत त्याला बॅटल कॅज्युअल्टी म्हणतात. ती नोंद हाती असली की पदकाचा अर्ज दोन पानांचा होतो. ती नसली तर वीस पानं लिहूनही फाइल परत येते. आपले लोक थेट पेन्शनला हात घालतात, कारण घराला गरज पैशाची असते. मग "नॉट सबस्टॅन्शिएटेड", म्हणजे पुराव्याने सिद्ध होत नाही, असा शेरा मारलेलं पत्र येतं आणि म्हातारा माणूस खचून जातो. म्हणून क्रम धरा: आधी नोंद, मग पदक, आणि पेन्शन शेवटी.

पदकाबद्दल आधी सांगतो, म्हणजे कशासाठी धडपडायचं ते कळेल. त्याचं नाव पराक्रम पदक. जुने लोक अजून वूंड मेडल म्हणतात. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा. कोणत्याही लढाईत किंवा बंडखोरांविरुद्धच्या कारवाईत शत्रूच्या प्रत्यक्ष कृतीमुळे जखम झाली असेल तर ते मिळतं. ते शौर्याचं पदक नाही, त्यामुळे कोणी शिफारस केली होती का, काय पराक्रम गाजवला, हे प्रश्न त्यात येत नाहीत. अपंगत्व किती टक्के हेही विचारत नाहीत. जखम झाली, ती शत्रूच्या माऱ्याने झाली, एवढं सिद्ध व्हावं लागतं. मोर्टारच्या तुकड्याबद्दल इथे वाद होऊ नये. वाद होतो तो वेगळ्या जखमांचा. अंधारात खंदकात पडून पाय मोडला, गाडी उलटली, अशा जखमा काही वेळा बॅटल कॅज्युअल्टीत धरल्या जातात, पण पदकाच्या व्याख्येत बसवताना अडतात. अण्णांचं प्रकरण त्यापेक्षा सरळ आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हे पदक सुरू झालं १९७३ साली. अण्णा जखमी झाले तेव्हा ते नव्हतंच. दवाखान्यातून सुटताना "तुला हे मिळायला हवं" असं त्यांना कोणी सांगणं शक्य नव्हतं. दोन वर्षांनी ते सुरू झालं तेव्हा अण्णा पुन्हा पलटणीत, बहुधा दुसऱ्याच ठिकाणी होते. पाय बरा झाला होता. १९७१ चं जे पदक सगळ्यांना मिळालं ते मिळालं होतं, आणि मांडीतल्या तुकड्याचा विषय मागे पडला होता. त्या काळातल्या अनेकांचं असंच झालं आहे. यात अण्णांचा हलगर्जीपणा नाही, हे त्यांना मुद्दाम सांगा. मागितलं नाही म्हणून हक्क नव्हता असं त्यांच्या मनात बसलेलं असतं.

डिस्चार्ज बुकात नोंद नाही, म्हणून तुम्ही घाबरला आहात. अशी पुस्तकं मी स्वतः शेकड्यांनी भरली आहेत. माणूस घरी जायच्या महिन्यात क्लार्क समोर कागद ठेवून ते पुस्तक भरतो. भरतीची तारीख, हुद्दा, कोर्सेस, पदकं, चालचलन, घरचा पत्ता. चौदा वर्षांपूर्वीची जखम लिहायला त्यात वेगळी जागा नसते, आणि संध्याकाळपर्यंत तीस पुस्तकं संपवायची असतात. डिस्चार्ज बुक हा सारांश आहे. मूळ कागद रेकॉर्ड ऑफिसात असतात. तेव्हा पुस्तकात नाही म्हणजे रेकॉर्डात नाही, असं धरू नका.

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, रेजिमेंटच्या सेंटरशी जोडलेलं आहे. (हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी: महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. वडील ज्या शाखेत होते तिथेच लिहायचं, जवळच्या कँटोन्मेंटला नाही.) अण्णा पेन्शनर आहेत हे इथे फार उपयोगी पडतं. जे पेन्शनला पात्र न होता लवकर घरी आले, त्यांचे सेवेचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करायची मुभा नियमात आहे. पेन्शनरांचे कागद त्याहून कितीतरी जास्त काळ ठेवतात. आणि लॉंग रोल नावाची जी मोठी वही असते, त्यात माणसाच्या सेवेचा सांगाडा कायमचा असतो.

तर पहिलं पत्र रेकॉर्ड ऑफिसला, अण्णांच्या सहीने. "मला पदक द्या" असं त्यात लिहू नका. कागदांच्या प्रती मागा: शीट रोलची, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्राची, पूर्ण प्रत, लॉंग रोलमधली नोंद, नोव्हेंबर १९७१ ते जून १९७२ या काळात त्यांच्या नावे निघालेल्या सगळ्या पार्ट टू ऑर्डर (भरती, रजा, बदली असा जवानाच्या बाबतीतला प्रत्येक बदल ज्यात प्रसिद्ध होतो ते आदेश), कॅज्युअल्टी रिपोर्टची प्रत, आणि नोकरीतले सगळे मेडिकल कागद. महिना-दीड महिना वाट पाहा. उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर हीच मागणी माहितीच्या अधिकारात करा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत, त्यानंतर पहिलं अपील. अर्ज अण्णांच्याच नावाने जाऊ दे. स्वतःची माहिती स्वतः मागितली की "खासगी माहिती आहे" हे कारण पुढे करता येत नाही. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा, कारण वाचणारा बाबू मराठी असेलच असं नाही.

अर्जातलं मुख्य वाक्य मी साधारण असं करून देतो: "दिनांक १० डिसेंबर १९७१ च्या सुमारास जमालपूर भागात शत्रूच्या मोर्टार माऱ्यात मी जखमी झालो, त्यानंतर मला मागच्या दवाखान्यात हलवण्यात आलं. माझी रुग्णालयात झालेली भरती, रुग्णालयातून सुटणं, आजारपणाची रजा आणि पलटणीत परत हजर होणं याबाबत प्रसिद्ध झालेल्या पार्ट टू ऑर्डरच्या साक्षांकित प्रती द्याव्यात." बघा, यात जखमेचा उल्लेख एकदाच आहे, पण तिच्या अवतीभवतीच्या चार गोष्टी मागितल्या आहेत. मुख्य कागद हरवू शकतो. पण माणूस दवाखान्यात गेला की त्याच्या पलटणीतल्या राशनापासून पगारापर्यंत सगळं बदलतं. भरती झाल्याची ऑर्डर निघते, सुटल्याची निघते, सिक लीव्हची निघते, रेल्वे वॉरंट दिलं जातं. एक जखम पाच-सहा ठिकाणी आपली खूण ठेवून जाते. आपल्याला त्यातल्या दोन जुळवायच्या आहेत.

कागद आले की ते कसे वाचायचे तेही सांगतो, कारण नजरेसमोर असलेली नोंद निसटलेली मी पाहिली आहे. "वूंडेड" हा शब्द पूर्ण लिहिलेला सापडेलच असं नाही. बॅटल कॅज्युअल्टीसाठी नुसतं "बीसी" असतं. गोळीच्या जखमेला "जीएसडब्ल्यू" लिहीत. डाव्या-उजव्यासाठी एकेक अक्षर. शाई फिकट झालेली असते, त्यावर रबरी शिक्का बसलेला असतो. तेव्हा भिंगाने वाचा, आणि तारखेवरून वाचा. डिसेंबर १९७१ ते मार्च १९७२ यातली प्रत्येक ओळ उतरवून घ्या, अर्थ लागो न लागो.

नावाचा घोळही पाहा. आपल्याकडच्या ज्ञानूचा रेकॉर्डात ग्यानू होतो, धोंडिबाचा डोंडिबा होतो, आणि पलटणीत त्याच गावचे त्याच आडनावाचे तिघे असतात. म्हणून आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहा. ते अक्षर शोभेचं नाही. नंबर उतरवताना चूक झाली तर ती त्यावरून पकडता येते. एका प्रकरणात जखमेची नोंद व्यवस्थित होती, पण ती त्याच कंपनीतल्या सारख्या नावाच्या दुसऱ्या जवानाच्या शीट रोलवर चढली होती. तो दुसरा जवान मोठ्या मनाचा निघाला. त्याने लिहून दिलं की मला आयुष्यात कधी गोळी लागलेली नाही, ही नोंद माझ्या गाववाल्या दोस्ताची आहे.

रेकॉर्डातून काही आलंच नाही तर? तर घर शोधा. चेष्टा नाही, खरंच शोधा. फौजी माणसाची काळी पत्र्याची ट्रंक असते, आणि तिच्या तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली काय काय निघतं ते मी पाहिलं आहे. जवान जखमी झाला की घरी तार यायची. आजीने ती देवघरात ठेवली असेल, पोथीत दाबली असेल. पूर्वेकडच्या आघाडीवरची पत्रं ९९ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाच्या, पत्त्याने यायची. दवाखान्यातून पाठवलेलं आंतर्देशीय पत्र असेल तर त्यावर वॉर्ड आणि दवाखान्याचं नाव असतं, आणि टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते. मी ज्यांच्यासाठी पहिल्यांदा हे काम केलं ते कोल्हापूरकडचे एक शिपाई, १९६५ चे जखमी. त्यांच्या बाबतीत रेकॉर्डातून काहीच हाती लागत नव्हतं. त्यांच्या बायकोने लग्नातल्या शालूच्या घडीतून एक पोस्टकार्ड काढून दिलं. त्यावर चार ओळी होत्या: "हाताला लागलं आहे, पण बोटं हलतात, काळजी करू नये. म्हशीला वेळेवर पाणी दाखवा." वर दवाखान्याचा शिक्का. त्या शिक्क्यावरून दवाखान्याचं नाव कळलं, तिथल्या भरतीच्या रजिस्टरचा उतारा मागवला, आणि नोंद सापडली.

पण त्या प्रकरणात मी एक चूक केली होती, ती सांगितली पाहिजे. मी आधी पेन्शनचा दावा लावला होता. तो दोनदा परत आला आणि त्यात तीन वर्षं गेली. पदकाचा अर्ज केला तोवर त्यांचा दम्याचा त्रास वाढला होता. पदक आलं तेव्हा ते हयात नव्हते. वहिनींनी ती डबी उघडली, पदक पदराने पुसलं आणि त्यांच्या फोटोच्या चौकटीला अडकवलं. माझ्याशी त्या चांगलं बोलल्या, चहा दिला. मी मात्र त्या दिवसापासून पंचाहत्तरीच्या पुढच्या कोणत्याही माणसाचा कागद पेन्शनपासून सुरू केलेला नाही.

दवाखान्याकडे परत येऊ. अण्णांना विचारा की उचलल्यापासून ते कुठून कुठून गेले. आधी पलटणीचा डॉक्टर, म्हणजे रेजिमेंटल एड पोस्ट. तिथून ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल, मग मागचं मोठं हॉस्पिटल. जमालपूरच्या बाजूने वर मेघालय आणि पुढे आसाम येतं, त्यामुळे ते गुवाहाटी म्हणत असतील तर ते पटण्यासारखं आहे. प्रत्येक ठिकाणी भरती-सुट्टीचं रजिस्टर असतं. मोठ्या हॉस्पिटलच्या कमांडंटला लिहून उतारा मागता येतो. तो मिळेलच अशी खात्री देत नाही, पण लिहायला एक पाकीट लागतं.

पलटणीलाही लिहा. प्रत्येक पलटण आपला वर्षावर्षाचा इतिहास ठेवते, डायजेस्ट ऑफ सर्व्हिस म्हणतात त्याला. लढाईत रोजची वॉर डायरी लिहिली जाते, तिला जखमी आणि शहीद यांच्या याद्या जोडलेल्या असतात. जुनी कागदपत्रं खुली करून राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवण्याचं धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे, तेव्हा हाही रस्ता पूर्ण बंद नाही. पण माझा अनुभव असा की कमांडिंग ऑफिसरला लिहिलेलं साधं, नीट पत्र जास्त काम करतं. आजचा सीओ १९७१ नंतर जन्मलेला असतो, आणि आपल्या पलटणीचा जमालपूरचा माणूस अजून गावात आहे हे कळलं की त्याला ते आतून लागतं.

जमालपूरची लढाई इतिहासात नीट नोंदलेली आहे, हे तुमच्या बाजूचं आहे. ब्रिगेडियर क्लेर यांच्या ब्रिगेडने ते ठाणं घेरलं. शरण या म्हणून पत्र पाठवलं, तर आतल्या ३१ बलोच या पाकिस्तानी पलटणीच्या कमांडरने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री त्यांनी वेढा फोडून दक्षिणेकडे निसटायचा प्रयत्न केला, आणि त्या वाटेवर १ मराठा बसलेली होती. त्या गॅरिसनकडे मोर्टार होते. अण्णा सांगतात ती जागा, ते हत्यार आणि ती तारीख या चित्रात बसते का ते पाहा, आणि बसत असेल तर अर्जात दोन वाक्यांत लिहा. दोन वाक्यंच पुरेत. अर्जात लढाईचा इतिहास चार पानं लिहिणारे लोक स्वतःची जखम चौथ्या पानाच्या तळाला ढकलतात.

साक्षीदार. त्या रात्री अण्णांच्या सेक्शनमध्ये, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीत, कोण होतं? उचलून कोणी नेलं? पट्टी कोणी बांधली? त्यातला एक जरी हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र मोलाचं आहे. दरवर्षी ४ फेब्रुवारीला, सिंहगडाच्या विजयाच्या आठवणीत, रेजिमेंट मराठा दिवस साजरा करते. गावोगावचे मराठा रेजिमेंटवाले त्या दिवशी एकमेकांना फोन करतात, जमतात. तिथे अण्णांचं नाव टाका. आमच्या भागात तर फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव "मेजर" म्हणतं, आणि हे सगळे मेजर एकमेकांची खबर ठेवून असतात. साक्षीदाराला स्वतःच्या शब्दांत लिहू दे. तारीख, जागा, त्याने काय पाहिलं, तो तिथे का होता, आणि त्याच्या स्वतःच्या पेन्शनचा पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर. वकिलाने टाइप करून दिलेली, नावं तेवढी बदललेली तीन सारखी प्रतिज्ञापत्रं जोडली तर तपासणारा पहिल्या नजरेत ओळखतो. मग खरी साक्षही खोटी ठरते. आणि जो तिथे नव्हता त्याची सही कितीही प्रेमाने दिलेली असली तरी घेऊ नका.

एक्स-रेचं काय, असं तुम्ही विचारलं आहे. शरीरात धातू आहे हे तो दाखवतो, तो कधी आणि कुणी घातला हे दाखवत नाही. तरी तो महत्त्वाचा आहे, कारण कागदावर "उजवी मांडी" निघाली आणि फिल्मवरही उजवी मांडीच असली की शंका घ्यायला जागा उरत नाही. नुसती फिल्म जोडू नका. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून लष्करी हॉस्पिटलच्या सर्जनकडे रेफरल घ्या. तुकड्याचं माप, त्याची जागा, कातडीवरचा जुना वण आणि तो आत शिरल्याची दिशा, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. जाता जाता काळजीची गोष्ट: पुढे कधी कोणी एमआरआय सांगितला तर आत धातू आहे हे आधी सांगायचं. घरात सगळ्यांना माहीत असू दे.

आता पेन्शन. इथे खोटी आशा दाखवणार नाही. युद्धातल्या जखमेवर जी पेन्शन मिळते तिला वॉर इंज्युरी पेन्शन म्हणतात. ती साध्या अपंगत्व पेन्शनपेक्षा चांगली असते. मुदत पूर्ण करून निघालेल्या माणसाला शंभर टक्के अपंगत्वाला साध्या प्रकारात पगाराच्या तीस टक्के, तर युद्धातल्या जखमेला साठ टक्के असा हिशेब आहे. टक्केवारी कमी तशी रक्कम कमी. पण त्यासाठी मेडिकल बोर्डाने अपंगत्व ठरवलेलं लागतं, आणि सर्वसाधारण नियम वीस टक्के किंवा अधिक असा आहे. अण्णा जखमेनंतर तेरा वर्षं नोकरीत राहिले. प्रश्न एवढाच की १९८५ मध्ये घरी येताना ते लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीने पूर्ण फिट नसलेल्यांच्या वर्गात होते, की पूर्ण फिट होते. लो कॅटेगरीत असतील तर रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे फौजेतून निघतानाची डॉक्टरांची तपासणी, झालेला असणार आणि त्याचे कागद असणार. त्यात मांडीची जखम आणि टक्के लिहिलेले निघाले तर दावा मजबूत आहे. फिट म्हणून निघाले असतील तर आज नवा बोर्ड मागून पेन्शन मिळवणं फार अवघड आहे. त्यासाठी अण्णांची उरलेली वर्षं खर्च करू नका असंच मी म्हणेन.

बोर्डाचे कागद निघालेच, तर उशीर झाला म्हणून मागे हटू नका. २००८ मध्ये तरसेम सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, त्यामुळे उशिरा आलात तरी दावा मरत नाही. थकबाकी मात्र दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच. दुसरा निकाल डिसेंबर २०१४ चा, राम अवतार यांचा. अपंगत्वाचे टक्के वरच्या टप्प्याला नेण्याची सवलत, म्हणजे पन्नासच्या आतले पन्नास, पुढचे पंच्याहत्तर, त्यापुढचे शंभर, ही पूर्वी फक्त मेडिकलवर काढलेल्यांना मिळायची. ती मुदत पूर्ण करून निघालेल्यांनाही लागू झाली. अण्णा याच दुसऱ्या गटातले आहेत. आधी रेकॉर्ड ऑफिसकडे दावा, नकार आला तर सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा त्याच्याकडे आहेत. पदकाला मात्र तरसेम सिंगचा आधार जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे सगळं वजन कागदांवरच आहे.

या सगळ्याला पैसे किती लागतात? टपाल, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्राचा स्टँप. पदकाला फी नाही. "वर ओळख आहे, मिळणाऱ्या रकमेतले इतके टक्के द्या" म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला अण्णांचा पीपीओ नंबर, आधार, स्पर्श या पेन्शनच्या वेबसाइटचा पासवर्ड यातलं काहीही देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद तपासून देतात, फुकट. आणि दुकानात पराक्रम पदकाची नक्कल मिळते, ती आणून अण्णांच्या छातीवर लावायची घाई कोणी नातवंड करेल, त्याला प्रेमाने थांबवा. न मिळालेलं पदक लावलं की मिळणाऱ्या पदकावर डाग येतो.

राहिलं अण्णांचं "आता कशाला." ताई, हे मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं आहे. त्याच्या मागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. त्यांच्या शेजारचा कोणी परत आलेला नसतो. तो गेला आणि मी मांडीतल्या तुकड्यासाठी पदक मागू, हे त्यांना सहन होत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. तुमच्या नावाची नोंद झाली तर त्या रात्रीची नोंद होते, त्या सेक्शनची होते, असं मी म्हणतो, आणि मला ते मनापासून खरं वाटतं. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून पाय लुळे पडलेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर पाहा. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधल्या काळात त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला, आणि ते पुन्हा उभे राहिले. मागण्यात कमीपणा असता तर त्या माणसाने मागितलं नसतं.

तरीही अण्णा नाहीच म्हणाले तर अर्ज करू नका. सही त्यांची आहे, जखम त्यांची आहे. कागद मात्र मागवून ठेवा, त्याला ते नाही म्हणणार नाहीत.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, या रविवारीच, जेवणं झाल्यावर फोनवर रेकॉर्डिंग लावून त्यांच्याजवळ बसा. "तुम्हाला कसं लागलं" असं विचारू नका, ते दोन शब्दांत संपवतील. "तुम्हाला उचललं कोणी" असं विचारा. मी हाच प्रश्न विचारतो. थोडा वेळ ते गप्प बसतील, तेव्हा मध्ये बोलू नका. मग एक नाव येईल. ते नाव, त्याचं गाव, कंपनी, जे आठवेल ते तसंच उतरवून घ्या, आणि तारीख घालून त्याखाली त्यांची सही घ्या. तो तुमच्या फाइलचा पहिला कागद. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा, अक्षर लागत नसेल तर मी वाचून देतो.